डाव्या दंडावरची गाठ

घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी हातात घेतली, की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्यामुळे हा अनुभव गूढ अनुभवांच्या या सदराकडे पाठवताना फार संकोच वाटतो... शिवाय साठीनंतर प्रथमच स्वतःचे काही लिहिते आहे. नोकरी सगळी दुसऱ्यांच्या मजकुराचे भाषांतर करण्यात गेली. तरी जे घडले, ते तसेच मांडते.

माझी सुधाआत्या हयात असेपर्यंत आमच्याकडेच, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. तरुणपणी थकवा येतो म्हणून ती एका रुग्णालयात गेली होती. ताकदीचे इंजेक्शन म्हणून तिच्या डाव्या दंडात एका नव्या औषधाचा प्रयोग केला गेला. तिला आधी विचारले नाही, नंतर कळवलेही नाही. तो हात कायमचा लुळा पडला. माझ्या वेणीच्या रिबिनीपासून डब्याच्या फडक्यापर्यंत सगळे ती उजव्या हाताने आणि दातांनी बांधायची. तिची गाठ ओळखू येई — दोन वेढे एकावर एक, एक टोक आखूड, आणि त्यावर दातांची ओली खूण.

त्या प्रयोगात सापडलेल्यांच्या नातलगांची आमची छोटी संघटना आहे. सभेपूर्वी आम्ही एकमेकांच्या डाव्या दंडाला बँडेजची पट्टी बांधतो. स्वतःची स्वतः बांधायची नाही, असा रिवाज.

गेल्या हिवाळ्यात, दिल्लीच्याच द्वारका भागातील एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सभा होती. रुग्णालयाने स्मृतिफलक लावण्याचे मान्य केले होते. मात्र मसुद्यात ‘स्वेच्छेने सहभागी झालेले’ असे शब्द होते. होकार दिला तर फलक लगेच लागणार होता. नकार दिला तर कदाचित कधीच नाही. रुग्णालयाचे अधिकारी समोर बसले होते आणि प्रत्येक कुटुंबाने उभे राहून मत द्यायचे होते.

माझा संशय खन्नांवर होता. हे गृहस्थ नुकतेच आले होते. आजी त्या प्रयोगात होती म्हणत; पुरावा काहीच नाही. आणि सारखे, “मान लीजिए जी, एक शब्द ही तो है.” रुग्णालयानेच त्यांना आमच्यात पेरले असावे, असे मला वाटे. त्या दिवशी ते नेमके माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले.

सर्वांच्या पट्ट्या मी बांधल्या. माझी पर्समध्येच राहिली. आमच्या अध्यक्षा फिलोमिनाताई व्यासपीठाकडे निघाल्या होत्या.

“काय गं, बोलणार ना?”

“नाही जमणार, ताई. मी नुसतं ‘मान्य’ म्हणून बसते.”

“अच्छा! म्हणजे तेव्हा त्यांनी विचारलं नाही, आणि आता तू पण नाही विचारणार सुधाला? माइक चावत नाही गं!”

त्या गेल्या. मी मसुद्याचा कागद दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून बसले. माझे नाव पुकारले गेले — आणि डावा दंड एकदम आवळला. स्वेटरवर पट्टी होती. दोन वेढे, एक टोक आखूड. बोट लावले... ओले होते.

मी उभी राहिले. ‘मान्य’ म्हणायचे होते. तोंडून निघाले, “ती स्वेच्छेने गेली नव्हती. तिला ताकदीचं इंजेक्शन म्हणून सांगितलं होतं. हा शब्द राहणार असेल, तर फलक नको.”

खाली बसताच मी खन्नांकडे वळले. “यह आपने बाँधा?”

“मैंने तो छुआ भी नहीं.”

“दाँतों के निशान हैं इस पर!”

ते ओशाळून हसले. “बहनजी, मेरे दाँत तो कब के गए. नकली सेट घर पे भूल आया, बोला भी नहीं जा रहा ठीक से.”

पुढचे नाव त्यांचेच होते. ते उठले आणि म्हणाले, “मेरी दादी से भी किसी ने नहीं पूछा था. हमारी भी ना.”

मसुदा परत गेला. फलक अजून लागलेला नाही, आणि त्याबद्दल काही कुटुंबे माझ्यावर नाराज आहेत.

मी फिलोमिनाताईंवरही संशय घेऊन पाहिला. त्या तेव्हा व्यासपीठावर होत्या. मागच्या रांगेत कुणी नव्हते. आणि त्या गाठीविषयी मी संघटनेत कधी बोललेच नव्हते.

पट्टी कापून काढली, गाठ ठेवली आहे. ओल त्याच दिवशी सुकली, खुणा आहेत. घरात कुणी नसले की दुसरी पट्टी घेऊन, एका हाताने आणि दातांनी तशी गाठ घालून बघते... मला ती अजून जमलेली नाही.