विहिरीवरचा वरुण

माझ्या ताईचं घर दारव्ह्याला आहे आणि अंगणात विहीर. ती बुजवायची असं भाच्याने ठरवलं, तेव्हा त्याने आधी मला फोन केला. घरात काहीही कार्य असलं की सामान, माणसं आणि वेळ यांची जुळवाजुळव माझ्याकडे येते, आणि मला ती आवडते. यादीवर खुणा करून, दर्भापासून कापरापर्यंत सगळं पिशवीत भरून मी यवतमाळहून सकाळच्या एसटीने निघाले.

आमच्याकडे विहीर अशीच बुजवत नाहीत. आधी तिच्यातल्या वरुणाची पूजा करून त्याला निरोप द्यायचा, मग पहिलं घमेलं टाकायचं.

भाच्याचं म्हणणं तसं रास्त होतं. तो नागपूरला नोकरी करतो, सुटीत बायकोला आणि नुकत्याच चालायला लागलेल्या लेकीला घेऊन येतो. विहिरीचा कठडा ठेंगणा. शिवाय गाडी लावायला जागा नाही. "नळ आहे न आई, मंग विहीर कायले पाह्यजे?" असं त्याने विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "करा तुमच्या मनानं." हे वाक्य ताईच्या तोंडून आलं की सावध व्हावं. पण भाचा मुरूमवाल्याशी बोलून मोकळा झाला. ट्रॉली दुपारी येणार होती.

नळ आहे हे खरं, पण उन्हाळ्यात त्याला पाणी आठवड्याने येतं. मग गल्लीतल्या बाया ताईच्या विहिरीवर येतात. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, हे सगळं बादलीबरोबर वर येतं. ताई शाळेतून निवृत्त झाली, भावजीही गेले. त्या घरात माणसं येण्याचं हेच एक निमित्त उरलं आहे.

गुरुजी आले, विहिरीच्या पश्चिमेला कलश मांडला. ती वरुणाची दिशा. घर ताईच्या नावावर, म्हणून यजमान ताईच. पाटावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "गुरुजी, हा वरुण म्हणजे नेमका कोण? प्रत्येक पूजेत कलशावर बोलावतो याले, पण घरात फोटो कोणाच्याच नाही."

गुरुजींना असं विचारणारं कोणी भेटत नसावं. ते खुलले. "काकू, फार जुना देव. आधी सगळं आभाळ त्याच्याकडे होतं. मग पाणी राहिलं."

"म्हणजे बदली झाली," भाचा म्हणाला.

"बदली म्हणा. पण नजर तीच. चांदण्या म्हणजे त्याचे हेर, असं मानतात. कोण खोटं बोललं ते त्याले दिसते. हातात पाश आहे, खोटं बोलणाऱ्याले बांधतो."

"असं," ताई म्हणाली.

मग संकल्प आला. गुरुजींनी तिच्या उजव्या हातावर पळीभर पाणी घातलं, अक्षता ठेवल्या. "म्हणा, मी स्वखुशीनं वरुणाला निरोप देते, आणि उदक सोडा."

ताईचा हात ताम्हनावर तसाच राहिला.

"आई, सोड न."

"काहून सोडू? आताच सांगितलं न गुरुजींनी, हा कोण आहे ते. त्याच्यासमोर स्वखुशीनं म्हणू?"

बोटांच्या फटींतून पाणी टपटपत होतं. भाच्याने ते बरोबर हेरलं. "गेलं पाहा ताम्हनात. झालं न गुरुजी?"

गुरुजींनी जरा विचार केला. "नाही. हे गळलं. सोडावं लागते ते मनानं."

"मंग तिच्याऐवजी मी म्हणतो."

"घर तुमच्या नावावर आहे का?"

भाचा माझ्याकडे वळला. "मावशी, तू सांग तिले."

मी ताईकडे पाहिलं. उरलेलं पाणी गळू नये म्हणून तिने बोटं घट्ट आवळली होती. "ताई," मी म्हटलं, "तुले काय पाह्यजे ते सांग. ट्रॉली यायच्या आत."

"मले विहीर पाह्यजे. माह्या बाया येतात इथं. पोरीची भीती मलेही आहे, वरून जाळी बसव. गाडी बाहेर लाव. गाडीले कोणी भेटायले येत नाही."

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं? तू तर ठरवून सांगितलं."

भाच्याने कठड्यावरून विहिरीत डोकावून पाहिलं. मग फोन घेऊन फाटकाकडे गेला आणि मुरूमवाल्याला नको म्हणाला. मीही तोवर वेल्डरला फोन लावला. पूर्ण तोंडावर लोखंडी जाळी, बादली जाईल एवढं झाकण, झाकणाला कुलूप.

गुरुजी मात्र अडकले. "सगळं मांडून झालं. आता मी काय करू?"

"पूजा तीच करा. निरोप तेवढा गाळा," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं. नवा संकल्प सांगितला, पाणी राहू दे, शुद्ध राहू दे, आणि ताईने उदक झटकन सोडलं.

एवढ्यात कंपाउंडवरून शेजारीण डोकावली. "काकू, बुजवून राह्यले म्हणे. शेवटच्या दोन कळशा नेऊ का?"

"शेवटच्या कायले?" ताई म्हणाली. "पूजा होऊ दे, मंग ये. चहा घेऊन जा."