मध्ये हे खोकतात

"गप रवा जरा," म्हणत ती हाताचा पंजा माझ्यासमोर धरायची. ट्रॅफिक हवालदार धरतो तसा. त्या दुपारीही धरला. कानाला हेडफोन लावून ती शेवटची फाईल ऐकत होती आणि मी चहाचा कप जरा जोरात ठेवला, एवढाच माझा गुन्हा. बायको माझी, घर माझं, आणि कपाचा आवाज करायची चोरी.

कॅसेटी पण माझ्याच. साकीनाक्याला वर्कशॉपात होतो तेव्हा बोनसमधून टेपरेकॉर्डर घेतला. घाटकोपरला आमच्या चाळीत बायका फुगड्या घालायच्या, गौरीची गाणी म्हणायच्या, ती भरून ठेवली. मुलुंडच्या एका संस्थेने त्या नेल्या आणि कॉम्प्युटरात घेतल्या. फायली झाल्या म्हणे. आवाज फायलीत गेला तर कॅसेटीत काय उरलं, हे मला अजून कळलेलं नाही. तिला कळायचं. ती नववी, मी चौथी.

संस्थेच्या मॅडमनी तिला लॅपटॉप दिला. एकेक फाईल पूर्ण ऐकायची आणि यादीत लिहायचं: गाणं कुठलं, गाणारी कोण, भरलं कोणी. वीस फायलींचा एक गठ्ठा. तपासून झाला की कायमचा साठ्यात जमा. मग त्यात कोणी बोट घालायचं नाही. शंभर वर्षांनी ऐकणाऱ्यालाही कळलं पाहिजे, म्हणे. शंभर वर्षांनी आमच्या चाळीचं कोण काय ऐकणार? मी विचारलं, तर पंजा.

सगळ्यात चांगल्या गाण्यात नेमका मी खोकलोय.

"तेव्हाच मुहूर्त मिळाला तुम्हाला?"

"मग काप ना तेवढं."

"कापायचं नसतं. जसं आहे तसं द्यायचं. लिहायचं फक्त."

तिने काहीतरी टाइप केलं. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, "लिहायचं ते लिहिलं."

तुमच्याही शेजारी असेल अशी एखादी. इतक्या वर्षांच्या संसारात माझं नाव तिने तोंडातून काढलं नाही. बँकेत कारकुनाने विचारलं, "मालकांचं नाव?" हिने मला कोपर मारलं, "सांगा की." मी मुद्दाम गप्प. मागची रांग ओरडायला लागली, तेव्हा हिने पासबुक उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं. घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. मी तरी कुठला शहाणा? मीही तिला चारचौघांत 'अगो' सोडून काही म्हटलं नाही.

त्या दुपारी यादी पाठवून तिने हेडफोन काढला. "झालं एकदाचं. जरा पडते. पाचला उठवा."

पाचला उठवायला गेलो. उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. तिने मला कधी सांगितलं नाही, की तिलाच ठाऊक नव्हतं? कोणाला विचारू? रात्रीपर्यंत सगळं उरकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलेलं. तिचा फोन वाजला, मी उचलला. मॅडम होत्या. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

"काकू, गठ्ठा अडकलाय हो. 'भरलं कोणी' मध्ये सगळीकडे 'हे' लिहिलंय. आणि बाराव्या फाईलला लिहिलंय, 'मध्ये हे खोकतात.' हे कोण?"

"मी," मी म्हणालो.

"काका? काकूंना द्या ना. त्यांना विचारून बदलते."

"ती काल गेली."

मॅडम रडत म्हणाल्या, "राहू दे काका. गठ्ठ्याचं नंतर बघू."

"नंतर कशाला? तिने पूर्ण केलंय काम. आणि तिचं एक अक्षरही बदलू नका. जसं आहे तसं द्यायचं ना? मग वेगळा कागद लावा."

मी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं: यादीत जिथे जिथे 'हे' आहे, तो मी. पुढे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

"काका, यादी कोणी केली, तेही रिकामं आहे."

खोलीत बायकांची कुजबुज चालली होती. मी पंजा वर केला. सगळ्या गप्प झाल्या. मग मी तिचं नाव मोठ्याने सांगितलं.