स्पर्मिनला ऊन दाखवलं तेव्हा

कॉलेजात तीस वर्षं कारकुनी केली की किस्से फायलींसारखे साठतात. कुणी मागत नाही आणि रद्दीतही घालवत नाहीत. त्यातले निम्मे बायोकेमिस्ट्रीचे. तिथं पॉलिअमाइन्सवर काम चालायचं. ही रसायनं आपल्या प्रत्येक पेशीत असतात म्हणे.

पहिलं पार्सल आलं, त्यातल्या बाटलीचं बूच ढिलं होतं. शिपाई बसप्पामामांनी खोका माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्यात कायतरी मेलंय."

"मामा, ते रसायनच तसं आहे. आपणच मागवलंय."

"मुद्दाम?"

*

एकदा मी तिथल्या प्राध्यापक मॅडमना विचारलं, "ही रसायनं करतात तरी काय?"

"रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातलं प्रथिन. निरोप आला की काही रिसेप्टर उघडतात, आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण आत जातात, तोच करंट. स्पर्मिन हे पॉलिअमाइन एका रिसेप्टरला जास्त उघडायला मदत करतं, दुसऱ्यात स्वतःच अडकून बसतं."

"म्हणजे आमचे हेडक्लार्क!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा रजेचा अर्ज तेव्हा हेडक्लार्कांकडेच होता.

*

सरोजा मॅडमची पीएचडीची विद्यार्थिनी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. स्पर्मिन टाकलं की ते अडकून तिच्या रिसेप्टरमधला करंट पडायला हवा. महिनाभर पडेना! फेलोशिपचे चार महिने उरलेले. वडिलांनी बजावलेलं, "फेलोशिप संपली, शिक्षण संपलं."

मॅडमनी पेशी बदलल्या, मशिन तपासलं. सरोजानं सिद्धेश्वराला नारळ फोडला. करंट देवालाही जुमानेना.

*

एका दुपारी मी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो. कठड्यावर स्पर्मिनची बाटली, झाकण उघडं, आणि वर सोलापूरचं एप्रिलचं ऊन!

"मामा, हे काय?"

"फ्रीज उघडला की लई वास मारतोय. रोज दुपारी ऊन दाखवतो. आता कमी झालाय बघा!"

म्हणजे उघड्या बाटलीत रसायनच बिघडलेलं! ऐकून सरोजा आधी रडली, मग हसली. नवी बाटली आली आणि करंट पहिल्याच दिवशी पडला.

*

पीएचडीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरगावचे परीक्षक सर आले. पहिल्या रांगेत सरोजाचे वडील, कडक इस्त्रीच्या शर्टात.

सर म्हणाले, "आकृत्या राहू द्या. स्पर्मिन रिसेप्टर अडवतं म्हणजे काय, ते तुमच्या वडिलांना कळेल असं सांगा."

सरोजाच्या मराठी, तेलुगू, इंग्रजी, तिन्ही भाषा एकदम गेल्या. मॅडमनी डोळे मिटले.

तेवढ्यात बसप्पामामा दोन्ही हातांत चहाचा भला मोठा ट्रे घेऊन आले आणि शांतता बघून दारातच थबकले. मागे प्राचार्य, त्यांच्यामागे पाच-सहा जण. कुणालाच आत येता येईना.

सरोजानं दाराकडे बोट केलं. "असं, सर!"

सर वळून बघत राहिले. "आणि हा ब्लॉक सुटतो कसा?"

"मामा, आत या की!"

मामा आत आले, मागोमाग सगळी गर्दी. सरांनी वडिलांना विचारलं, "कळलं का?"

"कळलं. आता सही करा की!"