भिंतीवरची ओदिल

अन्सेल्म कूर्तियाद पॅरिसला आला तो चित्रकार व्हायला, पण पोट भरलं ते पोस्टरांनी. बेलव्हिलच्या चढावरल्या छापखान्यात तो छपाईच्या दगडावर खडूने उलटी चित्रं काढी, ती कागदावर सुलटी उमटत. साबण, सायकली, नाचघरातल्या बायका. रविवारी तैलरंग घेऊन बसे. ती चित्रं कुणी फुकटही नेईना.

एका हिवाळ्यात ताकदीच्या आसवाचं पोस्टर करायचं आलं. त्याने आपल्या पोरीलाच, ओदिलला, समोर बसवलं.

"पोरगी खोकून खोकून चिपाड झालीय आणि तू तिला गुटगुटीत काढतोयस?" बायको लेओंतिन करवादली. "काही लाज?"

"काढू दे ना आई," ओदिल हसली. "कागदावर तरी गाल येतील मला."

पोस्टर गाजलं. कोपऱ्याकोपऱ्यावर ओदिल, हातात लाल पेला. पाववाली डोळे मिचकावून म्हणायची, "पोर ते आसव पिते वाटतं? गालांवरनं दिसतंच म्हणा!" अन्सेल्म मान खाली घालून पाव उचलायचा. घरी पोरीने अंथरूण धरलं होतं. क्षय. मार्च सरता सरता ती गेली. तिला दफनभूमीकडे नेताना वाटेतल्या लांब भिंतीवर ती ओळीने हसत होती. लेओंतिनने चेहऱ्यावर शाल ओढली. घरी आल्यावर तिने नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

अन्सेल्मने पोरीचं खरं चित्र करायला घेतलं. पण ब्रश टेकवला की पोस्टरमधले गुबगुबीत गालच उमटत. मूळ रेषा तरी पाहाव्यात म्हणून त्याने छापखान्याच्या मालकाकडे, मूरेकडे, तो दगड मागितला.

"अरे बाबा, तो घासून टाकला केव्हाच," मूरे ओशाळून म्हणाला. "त्यावर आता चॉकलेटची जाहिरात आहे."

मग तो सुरी आणि ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी गेला. कागद चिंध्या होऊन निघाला. हाती आला तो पेला आणि दोन बोटं.

पुढे त्याने पोस्टरं काढली, पण चेहरा कधी नाही. बाई हवीच असली तर पाठमोरी. रविवारचं ते चित्र मात्र वर्षानुवर्षं खरवडत राहिला.

एकदा लेओंतिन मागे येऊन उभी राहिली. "नाक असं नव्हतं तिचं."

तो दचकला. "मग कसं होतं?"

तिने बोटाने हवेत नाकाची रेघ ओढायला घेतली. ती अर्ध्यातच सुटली.

"मलाही नाही रे आठवत आता," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.