पत्रा मारलेलं गेट

आपोआप उघडणारं गेट रोह्यात पहिल्यांदा आपल्याच घरी आलं, असं माझे सासरे सगळ्यांना सांगत. खरं-खोटं कोणाला माहीत, पण आमच्या रस्त्यावर तरी ते पहिलंच होतं. सासरे कंपन्यांमध्ये ठेकेदारी करायचे. एका साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी तसलं गेट पाहिलं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, माझं लग्न ठरलं त्याच सुमारास, पनवेलहून माणसं आणून बसवून घेतलं. लोखंडी जाळीचं एकच रुंद दार, बाजूला मोटर आणि एक रिमोट. आत गाडीला जागा कमी, म्हणून दार रस्त्याकडे उघडायचं. शेजारी माणसांपुरती एक दिंडी होती, ती त्यांनी विटा लावून बुजवून टाकली. एवढं भारी गेट असताना दिंडी कशाला, म्हणे.

लग्नाला महिना होतो न होतो तोच त्यांनी त्या जाळीवर अख्खा पत्रा मारून घेतला. समोर नदीकाठच्या रस्त्यावर रिक्षा उभ्या राहायच्या आणि तिथून आमची पडवी दिसायची. पडवीत मी बसायचे. म्हणजे पत्रा माझ्यासाठीच होता, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. सासरे नुसते म्हणाले, "आता कसं घर वाटतंय." मला मात्र त्या दिवसापासून नदी दिसेनाशी झाली, आणि मी भयंकर चिडले. चिडून करणार काय? नवीन सून. पोळ्या जरा जास्त जोरात लाटल्या, इतकंच.

मे महिन्यात दुपारचा वारा सुटायला लागला आणि गेटाचं डोकं फिरलं. बटण दाबलं की दार वीतभर उघडायचं, अडायचं, कण्हायचं आणि मुकाट्याने परत मिटायचं. चार वेळा दाबा, चारही वेळा तेच. भाजीवाली बाहेरून हाका मारून निघून जायची. नवरा कंपनीतून शिफ्ट करून आला की बाहेर स्कूटरवर बसून राहायचा. मोटर सोडवायची एक चावी होती, ती फिरवली की दार हाताने ढकलता यायचं. पण ती सासऱ्यांच्या जुडग्यात, आणि जुडगा कमरेला. ते घरी असले तरी चावी काढायचे नाहीत. "मोटर हाय ना? मग हाताने कशाला?"

पनवेलचा मेकॅनिक आला तो सकाळी, झाडाचं पान हलत नव्हतं तेव्हा. गेट शहाण्यासारखं उघडलं, मिटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बायकांना बटण नीट दाबता येत नाय," ते मेकॅनिकला म्हणाले.

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, वर बीएड केलेलं. मला राहवेना. सासऱ्यांना म्हटलं, "अण्णा, वारा असला की अडतं. समोरून वारा पत्र्यावर दाबतो, तो ढकलत दार उघडायचं म्हणजे मोटरला वाटतं मध्ये कोणीतरी आहे. म्हणून ती मागे घेते." मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला, मग गेटाकडे. "आम्ही जाळीचं दिलं होतं," तो म्हणाला. "हा पत्रा कोणी मारला?"

"घरात सून हाय," सासरे म्हणाले. विषय संपला.

पत्र्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? त्याने डबा उघडून मोटरचा जोर वाढवून दिला. दुपारी वारा आला तेव्हा मोटर जोर लावून लावून तापली, जळका वास सुटला आणि फ्यूज उडाला. सासऱ्यांनी तो बदलला, जोर पुन्हा कमी केला, आणि शिव्या पनवेलला घातल्या.

त्यातच जून उजाडला आणि पेणच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. विज्ञान शिकवायला शिक्षिका हवी होती. पेण माझं माहेर. रामवाडीत आईवडील राहायचे. नवरा म्हणाला, "जाऊन तर ये." सासरे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुलाखतीच्या दिवशी भल्या सकाळी उठून नागोठण्याला कामावर निघून गेले, कमरेच्या जुडग्यासकट.

नवरा डबल शिफ्टला गेलेला, रात्रीशिवाय येणार नव्हता. रिमोट सासूबाईंकडे होता. मी साडी नेसून, कागदपत्रांची पिशवी घेऊन गेटापाशी आले आणि नेमका त्या दिवशी वारा सकाळपासूनच उठलेला. दार वीतभर उघडलं आणि मिटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. भिंतीवर काचा रोवलेल्या, दिंडीत विटा. पॅसेंजर गाडीची वेळ होत आलेली. वाटलं, आता गाडी जाणार, नोकरी जाणार, आणि मी या पडवीत भाजी निवडत म्हातारी होणार.

मग मी नवऱ्याच्या स्कूटरचे पाने घरातून आणले आणि पत्र्याचे नट सोडवायला बसले.

सासूबाई आधी नुसत्या बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या आत गेल्या आणि जाड फडकं घेऊन आल्या. "हात कापशील गो," म्हणाल्या, आणि फडक्याने पत्र्याची खालची कड धरून बसल्या. शेवटचा नट निघाला तसा वाऱ्याने पत्रा अंगावर लोटला, आम्ही दोघींनी मिळून तो आडवा केला. सासूबाईंनी बटण दाबलं. जाळीतून वारा सरळ आत आला आणि दार न अडखळता पूर्ण उघडलं. समोर नदी होती. त्या म्हणाल्या, "पळ."

गाडी मिळाली. निडी स्टेशन गेलं तेव्हा पाहिलं, पदराला ग्रीस लागलेलं. मुलाखत कशी झाली ते नीट आठवत नाही. मुख्याध्यापिका बाई शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून या," एवढं आठवतं. परत येताना मी एसटीच्या खिडकीत एकटीच हसत होते. वडखळला बस थांबली तेव्हा घरच्यांसाठी पेढे घेतले.

संध्याकाळी गेटापाशी पोचले तर पत्रा परत जागेवर होता. नट कुठेच दिसेनात. कडेकडेने वेल्डिंग केलेलं. वेल्डर बाहेर सामान आवरत होता, आणि आत उभ्या असलेल्या सासऱ्यांना गेटावरून मान उंच करून सांगत होता, "शेट, अशानं वाऱ्यात मोटर खेचायची नाय."

"नाय खेचली तर नाय खेचली," आतून सासरे म्हणाले.

एवढे दिवस मी समजत होते की त्यांना बिघाड कळत नाही. कळत होता. त्यांना तो हवाच होता.

मी हाक मारली. "अण्णा, मी आलेय. नोकरी मिळाली. सोमवारपासून जायचंय."

मग मोटर सुरू झाली, दार वीतभर माझ्याकडे आलं, अडलं आणि परत गेलं. "थांब तिथंच," ते म्हणाले. "वारा पडू दे, मग बघू."

मी थांबले. सवयच झाली होती थांबायची. पेढ्यांचा पुडा हातात. दार पुन्हा वीतभर उघडलं, आणि या वेळी त्या फटीत सासूबाई दिसल्या, रिमोट हातात घेतलेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तू भायेरच हायस गो. जा आईकडं."

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात कोंबला, तेवढ्यात दार मिटलं.

सोमवारी मी रामवाडीतून चालत शाळेत गेले.