पन्नास बैठकांची शिक्षा

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी देविदासच्या दोन्ही मांड्या टेपने मोजल्या आणि टेप माझ्या हातात दिली. "तुम्हीच बघा, मास्तर." उजवी मांडी चांगली दोन बोटं बारीक होती.

सकाळी बुलढाण्याच्या मैदानावर लांब उडी मारताना त्याचा उजवा गुडघा फिरला होता. लांब उडीत पट्टीवरून एकाच पायाने उसळी घ्यायची असते. देविदास उजव्याने घ्यायचा. राज्याच्या संघात निवड झाली तर पुढे पोलिसात घेतील, या आशेवर देऊळघाटच्या त्याच्या बापाने त्याला मजुरीला न लावता शाळेत ठेवलं होतं. ती आशा मीच लावली होती.

"हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "याच्याकडून व्यायाम कोणता घेता?"

"बैठका. दोनशे काढतो."

"दोन्ही पायांवर? मग दुबळ्या पायाचं ओझं दणकट पाय उचलतो. दुबळा नुसता सोबत जातो. एकेका पायावर उठवून पाहिलंत कधी?"

नव्हतं पाहिलं. एका पायाचा व्यायाम म्हणजे लंगडी, आणि लंगडी पोरींची, असं आम्ही ड्रिल मास्तर मानायचो.

पण मला आठवलं ते वेगळंच. महिन्यापूर्वी देविदास मला म्हणाला होता, "सर, उजव्या पायात जोरच नाई लागून राह्यला."

"काऊन बे, अंग चोरून राह्यला का?" मी म्हणालो आणि आमच्या शाळेतली ठरलेली शिक्षा दिली. पन्नास बैठका. त्याने त्या मुकाट्याने काढल्या. पन्नास काढल्या म्हणजे पाय धड आहे, असा निकाल मी देऊन टाकला.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, "आधी त्रास होत होता का रे? कोणाला सांगितलंस?"

देविदासने माझ्याकडे पाहिलं. "नाई जी. कोणालेच नाई."

मीही बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

गुडघा कायमचा अधू झाला. पुढच्या वर्षीपासून मी प्रत्येक पोराला बाकावरून एकेका पायाने उठवू लागलो. हेडमास्तर वैतागले, "ओळीत बैठका घ्या हो. ही काय लंगडी लावली?" मी ऐकलं नाही. बैठकांची शिक्षाही बंद केली. देविदास तेव्हा बापासोबत मजुरीला जात होता. पोरगं पाय दुखतो म्हणालं तर आधी ऐकून घ्यावं, एवढं शिकायला मला एक पाय लागला, आणि तो माझा नव्हता.