पक्क्या शाईतला वाढदिवस

शाळेचं नाव सांगत नाही. ते बापूसाहेबांच्या वडिलांचं आहे, आणि बापूसाहेब संस्थेचे अध्यक्ष असल्यामुळे शाळेला काही बोललं की ते थेट वडिलांना लागतं. एवढंच सांगतो, की शाळा शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी आहे, पाचवी ते दहावीची आहे, आणि तिच्या अंगणातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला आहे. दौंडच्या एका भंगारवाल्याकडून आणलेला. तो रूळ म्हणजे शाळेची घंटा. आणि ती वाजवणारा एलिया शिपाई म्हणजे, निदान त्याच्या मते, शाळा.

त्याचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. तीस वर्षांच्या नोकरीत सहा मुख्याध्यापक आले नि गेले, दोनदा छपराचे पत्रे उडाले, एकदा तर भीमेचं पाणी सातवीच्या वर्गात येऊन बसलं. घंटा मात्र एक दिवस चुकली नाही. एलियाचा आजा शिरूरच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा. लोक घराण्यातली पाटीलकी सांगतात तसं एलिया सांगायचा, "आमच्या घराण्यात घंटा हाय." शाळा सुटायची घंटा तो विशेष मन लावून द्यायचा. मोजून दहा ठोके, सावकाश, आणि दहावा झाला की रुळावर तळहात ठेवून आवाज विझवायचा. पोरं तोवर नदीपर्यंत पोचलेली असायची. पण एलिया काही पोरांसाठी वाजवत नव्हता.

त्याला दुसरा गर्व होता तो वाढदिवसाचा. गावात ज्याला त्याला एकच वाढदिवस होता, एक जून. आई पोराला गावच्या प्राथमिक शाळेत पहिलीत घालायला न्यायची, गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आई आभाळाकडं बघायची आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. वय बरोबर बसायचं, कटकट मिटायची. पाचवीला तीच तारीख दाखल्यावरून या शाळेच्या रजिस्टरात यायची. रजिस्टरावर विश्वास ठेवायचा तर दरवर्षी एक जूनला गावातल्या सुईणींना पाणी प्यायला फुरसत मिळत नसणार. मास्तर एक जूनचे, सरपंच एक जूनचे. एकट्या एलियाची तारीख खरी होती. एकतीस जानेवारी एकोणीसशे पंचेचाळीस. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत पक्क्या शाईत लिहिलेली. ती तो लोकांना न विचारता सांगायचा.

त्याच तारखेला त्याची नोकरी संपणार होती. साठ पूर्ण, एकतीस जानेवारी दोन हजार पाच, सोमवार. त्याला निरोपाचा समारंभ नको होता, शाल नको होती. त्या संध्याकाळची शाळा सुटायची घंटा तेवढी स्वतःच्या हातानं द्यायची होती. वाढदिवस, नोकरी आणि घंटा एकदमच पुरी करायची, हा बेत तो गेली दोन वर्षं मनात घोळवत होता.

आता खाऊचं ऐका. शाळेत वाढदिवस म्हणजे गोळ्या. ज्याच्या घरी जमायचं तो लिमलेटच्या गोळ्यांची पुडी आणायचा. ज्याच्या घरी जमायचं नाही तो त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहायचा. बापूसाहेबांचा नातू सुमित मात्र पेढे वाटायचा, आणि वर्षातून दोन-तीनदा वाटायचा, कारण अध्यक्षांच्या नातवाला तारीख विचारायची कोणाची छाती नव्हती. दोन हजार चारच्या मार्चमध्ये त्यानं वाटलेले पेढे बापूसाहेबांच्या कुठल्याशा सत्कारातून उरलेले होते. सत्कार होऊन आठवडा झाला होता. दुपारी चाळीस पोरं लिंबाखाली रांगेनं ओकत होती. प्रार्थनेला एवढी सरळ रांग कधी लागली नव्हती.

बैठक बसली. अध्यक्षस्थानी बापूसाहेब. पेढ्यांत दोष असणं शक्यच नव्हतं, कारण ते अध्यक्षांच्या घरचे होते. सखोल चर्चेअंती दोष खाण्यातच आहे असं निघालं आणि ठराव झाला, की यापुढं शाळेत वाढदिवसाला कोणीही काहीही खायला वाटू नये. अशा रीतीनं पेढ्याची शिक्षा लिमलेटच्या गोळीला झाली. बैठकीनंतर सभासदांना चहा आणि पेढे देण्यात आले.

मुख्याध्यापिका सुरेखा मॅडम नव्या होत्या, त्यांना अजून पोरांचं वाईट वाटायचं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्यांनी पोरांनाच विचारलं, की खाऊ नाही तर वाढदिवसाला काय हवं? गुलाबाचं फूल, ग्रंथालयाला पुस्तक, टाळ्यांचा गजर, असं त्यांनी फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. पोरांनी फळ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. "घंटा!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळी शाळा ओरडली. ठरलं. ज्याचा वाढदिवस असेल त्यानं शाळा सुटायची घंटा द्यायची.

एलिया ऑफिसात गेला तो हातोडी घेऊनच. "मॅडम, उद्या म्हनाल ज्याचा वाढदिवस त्यानं शाळाबी चालवायची!"

"मामा, दोन मिनिटांचं तर काम आहे."

"दोन मिन्टाचं? आमच्या आज्यानं त्यात जल्म काढला."

मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि शब्दही दिला, की एकतीस जानेवारीची घंटा त्याचीच, त्या दिवशी मध्ये कोणी येणार नाही. एलिया निम्मा शांत झाला.

पहिला मान अर्थातच सुमितचा. त्याचा वाढदिवस जूनमध्येच निघाला, चार महिन्यांत दुसऱ्यांदा. त्यानं रूळ असा सपाटून बडवला की थांबेचना. आता सपाटून रूळ वाजला म्हणजे कुठं तरी आग लागली, ही गावाची जुनी समजूत. वीसेक माणसं बादल्या घेऊन धावत आली. तळेगाव ढमढेऱ्याला निघालेली जीप वाटेतून मागं फिरली. एक आजोबा तर घरातला रेडिओ वाचवून बाहेर घेऊन आले. एलिया लिंबाखाली हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या तोंडावर एवढं समाधान नाताळातही कोणी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी त्याच दिवशी नियम घट्ट केला. यापुढं वाढदिवस जनरल रजिस्टरात असेल तोच धरायचा. एलियानं रजिस्टर स्वतः कपाटातून काढलं, धूळ झटकली, आणि मॅडमच्या शेजारी उभा राहून तारखा वाचू लागला. एक जून, एक जून, पुन्हा एक जून. दोनशे अकरा पोरांत एकशे अडतीस पोरं एक जूनची. आणि एक जूनला शाळा बंद! गुरुजींनी आळसानं केलेली नोंद एलियाच्या अशी कामी आली. तो त्या दिवशी घरी गाणं म्हणत गेला.

पाचवीत भिमा नावाची मुलगी होती. तिची आई धुरपदा ऊसतोडीला म्हणून या भागात आली आणि इथंच एका बागायतदाराच्या शेतावर राहिली. मुलगी नदीकाठी झाली म्हणून नाव भिमा. शाळा सुटली की सगळी पोरं पळायची, ही मात्र दप्तर पोटाशी धरून रुळाखाली उभी राहायची. दहा ठोके होईपर्यंत हलायची नाही. तिनं एकदा विचारलं, "मामा, एक जूनला तुमी शाळंत असता का?"

"शाळा बंद असती तवा."

"म्हंजी माझी घंटा कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई," एलिया म्हणाला. आणि वर आपलंच घोडं पुढं दामटलं, "माझा वाढदिवस बघ. एकतीस जानेवारी. वहीत हाय, पक्क्या शाईत."

भिमानं थोडा विचार केला. "मग त्या वहीत माझाबी लिवा की."

एलिया मोठ्यानं हसला. वाटेत मात्र त्याचं हसू कुठं गेलं ते कळलं नाही. साठीला टेकलेला माणूस आपण, आणि दहा वर्षांच्या पोरीला घंटा मिळणार नाही म्हणून गाणी म्हणतो, याची त्याला लाज वाटली. चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शंभर पानी वही आणली आणि गावात घरोघर फिरायला सुरुवात केली. तारीख कोणाला ठाऊक नव्हती, पण दिवस सगळ्या आयांना आठवत होता. आठवीतल्या सम्राटची आजी म्हणाली, "बाबासाहेबांची शंभरावी जयंती. मिरवणूक दारात आली आन् पोरगं भाईर आलं." चौदा एप्रिलला शाळेला सुटी, म्हणून एलियानं त्याची घंटा पंधराला लिहिली. प्राची लातूरच्या भूकंपाच्या दिवशीची निघाली. रतनबाईचा मुलगा बैलपोळ्याचा, तो तिला बैलांसकट आठवत होता. पोळ्याची तारीख काढायला एलिया वाण्याच्या माळ्यावर चढून दहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर शोधून आला. मॅडमनी वही पाहिली, रजिस्टर कपाटात ठेवलं आणि ही वही टेबलावर.

आणि एलियाची घंटा एकेका दिवसानं त्याच्या हातून जाऊ लागली. दिवाळीपर्यंत आठवड्यातून एखादी संध्याकाळ त्याच्या वाट्याला राहिली. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो हे ठाऊक होतं, पण त्यासाठी घरोघर जाऊन पत्ता विचारणारा हा पहिलाच.

भिमाचं पान मात्र कोरं राहिलं. धुरपदा म्हणाली, "ऊस चालू हुता, दादा. थंडी मरनाची. डोक्यावरची मोळी टाकली आन् नदीच्या कडंला झाली. तारीख कोन बघतंय? तारखा मुकादमाकडं असत्यात."

"थंडी म्हंजी जानेवारी," एलिया भिमाला म्हणाला. "दहा जानेवारी लिवू?"

"ती खरी हाय का?"

"अंदाजानं."

"अंदाजाची तर एक जूनबी हाय," भिमा म्हणाली. "मला खरी पायजे. तुमच्यासारखी."

एलियानं पेनाचं टोपण काढलं. त्याच्याजवळ खरी म्हणावी अशी एकच तारीख होती. ती त्यानं वहीत लिहिली, एकतीस जानेवारी, आणि पुढं भिमाचं नाव. "घे. ही खरी हाय. चर्चच्या वहीत जाऊन बघ." लिहिताना आपल्या हातून काय जातंय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. भिमा नाचत गेली. एलियानं घरी जाताना एका कुत्र्याला उगाचच दगड मारला. तो लागला नाही.

एकतीस जानेवारीला समारंभ झालाच. बापूसाहेब तासभर उशिरा आले आणि एलियाच्या सेवेबद्दल पाऊण तास बोलले. त्यातली चाळीस मिनिटं स्वतःच्या सेवेबद्दल होती. शाल झाली, नारळ झाला. पाहुण्यांच्या टेबलावर पेढ्यांची बशी होती. शिरूरहून फोटोग्राफर आणला होता. पाच वाजत आले तेव्हा बापूसाहेबांनी हातोडी उचलली आणि फोटोग्राफरकडं बघत एलियाच्या हातात दिली. "हं एलिया, मार शेवटची घंटा! सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे."

एलियानं हातोडी घेतली आणि लिंबाखाली उभ्या असलेल्या भिमाला दिली. ती सकाळपासून तेल लावून, घट्ट दोन वेण्या घालून आली होती.

"अरे, हे काय?"

"नियम हाय सायेब. आज वाढदिवस तिचा. वहीत हाय."

"मामा, मी तुम्हाला शब्द दिला होता," सुरेखा मॅडम हळूच म्हणाल्या.

"तुमी पाळला, मॅडम. मीच दिऊन टाकला."

"आजच्या दिवस नियम बाजूला ठेव की!" बापूसाहेबांनी पेढ्यांची बशी पुढं केली. "घे, तोंड गोड कर आधी."

"शाळंत खायाचं बंद हाय सायेब. तुमचाच ठराव."

भिमाला स्टुलावर चढवलं. एलिया शेजारी उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजू लागला. एक. दोन. सावकाश, जसे पडायला हवेत तसेच पडत होते. दहावा ठोका झाला आणि त्या पोरीनं हातोडी काखेत धरून रुळावर तळहात ठेवला. आवाज विझला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं एलियाला वाटत आलं होतं, की आपली घंटा शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते शालीनं पुसले, आणि त्या शालीचा तेवढाच उपयोग झाला.

पोरं नदीकडं पळाली. भिमा सगळ्यांच्या पुढं होती. बापूसाहेबांची गाडी धुरळा उडवत गेली. सुरेखा मॅडम वही चाळत एलियाजवळ आल्या. "मामा, सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेत तुम्ही. तुमचा कुठं आहे?"

"माझा एक जूनला लिवा," एलिया म्हणाला. "तवा शाळंला सुटी असती. आता मलाबी हाय."